आबांच्या पोटासाठी केलेला केक

आमच्या घरात दिवस कसा जाणार हे आबांचं पोट ठरवतं. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार. ज्या सकाळी त्यांचं पोट साफ होतं त्या दिवशी ते शेजारच्या कुत्र्याचीसुद्धा विचारपूस करतात. ज्या सकाळी होत नाही (म्हणजे जवळजवळ रोज!) त्या दिवशी घरातली माणसं भिंतीच्या कडेकडेने चालतात आणि दूधवाला दूध ओट्यावर ठेवून आवाज न करता निघून जातो.

यावर औषध नव्हतं असं नाही. औषधं ढिगाने होती, घेणारा नव्हता. एरंडेलाचं नाव काढलं की आबा म्हणायचे, ते लहान पोरांना पाजतात. इसबगोल आणून दिला तर पाकिटात नाक घालून वास घेतला आणि मला विचारलं, "दिल्या, सरहद्दीवर बर्फात उभा ऱ्हायलेला मानूस मी. मला भुसा घालतूयस व्हय रं?" डॉक्टरांनी फळं खा म्हणून सांगितलं, तेव्हा फळं आजारी माणसं खातात असं डॉक्टरांनाच ऐकवून आले. या लोखंडी माणसाची एकच दुखरी जागा होती. मिलिटरी कँटीनपासून त्यांना चॉकलेटची चटक लागली होती. ट्रंकेत गरम कोटाच्या खाली चॉकलेट लपवलेलं असायचं आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती.

हे सगळं असंच चाललं असतं, पण माझ्या मुलीचं, अश्विनीचं लग्न निघालं. निघालं म्हणजे तिनेच काढलं. ती साताऱ्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला, तिथलाच रोहन तिला पसंत, ती त्याला पसंत. आम्हा थोरांच्या वाट्याला फक्त 'आम्हीच जमवलं' असा चेहरा करून बसायचं काम राहिलं होतं. अडचण एकच. रोहनचे वडील बापूसाहेब, पाटणकडचे, जुन्या वळणाचे आणि अतिशय गंभीर. पोरांनी परस्पर ठरवलेलं त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. "रविवारी येऊन एकदा घर बघतो, मग बोलतो," एवढाच त्यांचा निरोप होता. अश्विनीने मला फोनवर बजावलं की पप्पा, त्यांना घर आवडलं नाही तर रोहन त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. एवढं बोलून ती रडली. माझी पोरगी दहावीत गणितात गटांगळी खाल्ली तेव्हासुद्धा रडली नव्हती.

आता बापूसाहेबांनी घर बघायचं म्हणजे आबांना बघणं आलं. आणि आबांचं पोट बिघडलेलं असलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. मागे माझ्या मेहुण्याचे साहेब घरी आले होते, तर आबांनी त्यांना "ही खुर्ची माजी हाय, उठा" म्हणून उठवलं होतं. साहेब उभ्यानेच चहा पिऊन गेले. मेहुणा अजून माझ्याशी मोजकंच बोलतो.

तेव्हा रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आत आबांचं पोट साफ झालेलं असलं पाहिजे, हे मी मनाशी पक्कं केलं. आणि औषध द्यायचं तर ते चॉकलेटच्या आत लपवून द्यायचं. मोबाइलवर एक बाई पोटाला हलका असा फळांचा चॉकलेट केक करून दाखवत होत्या. मैदा नाही, साखर नाही, गूळ, अंजीर, केळी आणि कोको. कृती सोपी होती. पण त्या बाईंनी ती साध्यासुध्या माणसांच्या पोटासाठी सांगितली होती आणि माझी गाठ सुभेदाराशी होती. म्हणून मी अंजीर दुप्पट केले. आमची थोडी द्राक्षबाग आहे, घरात बेदाणा पडून असतो, तो ओंजळी-ओंजळीने घातला. सुकवलेले आलुबुखारे पोटाला फार चांगले असं कुठेतरी वाचलं होतं, ते मुद्दाम सांगलीहून मागवले. पिकलेली पपई कुस्करली. भाजलेल्या जवसाची पूड घातली. इसबगोलाचं ते अख्खं पाकीट पडूनच होतं, तेही ओतलं. ज्वारीच्या पिठात हे सगळं कालवून वर गुळाचा पाक आणि भरपूर कोको. बायको, मंगल, दारात उभी राहून बघत होती. तिने फक्त एवढंच विचारलं की हे माणसांसाठीच आहे ना.

घरात ओव्हन नाही. पण आमच्याकडे दिवाळीची नानकटाई जशी बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणतात, तसाच हा केकही भाजून आणू असं मी ठरवलं. शनिवारी दुपारी पातेलं स्कूटरच्या पायाजवळ ठेवून सलीमचाचांच्या बेकरीवर गेलो. चाचांनी पातेल्यात उलथनं घालून बघितलं. ते उभंच राहिलं.

"भाऊ, मैदा न्हाई, साकर न्हाई, अंडं न्हाई," चाचा म्हणाले. "मग हे फुगनार कशानं?"

मी म्हटलं, फुगायची गरज नाही. आबांचं पोट आधीच फुगलेलं आहे. चाचा हसले नाहीत. एवढ्याशा मालासाठी ट्रे लावणं भट्टीला परवडत नाही असं त्यांनी सांगितलं. पावाचा मोठा ट्रे तरी भरला पाहिजे. मग मी पुन्हा घरी, पुन्हा अंजीर, पुन्हा बेदाणे, पुन्हा पपई! एका म्हाताऱ्याच्या एका पोटासाठी मी वरातीला पुरेल एवढा केक घेऊन संध्याकाळी घरी आलो. बेकरीच्या दारात माझा थोरला चुलतभाऊ संपतदादा पाव घ्यायला उभा होता. त्याने ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाव घेऊन निघून गेला.

संपतदादाबद्दल सांगायला हवं. तो आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो, आणि त्याचा एकच दोष आहे. तो खोटं बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी अश्विनीसाठी एक स्थळ आलं होतं, त्यांनी रिवाजाप्रमाणे शेजारी चौकशी केली. संपतदादाने सांगितलं, "म्हातारा तापट हाय, बाप बिनकामाचा हाय, पोरगी गुनाची हाय." त्यातलं पोरीचं तेवढं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणून या खेपेला आम्ही त्याला बैठकीचं सांगितलंच नव्हतं. लग्नाच्या बैठकीला भावकीतला थोरला माणूस नाही म्हणजे आमच्याकडे किती मोठी गोष्ट, हे मला कळत होतं. पण म्हटलं, रुसला तर नंतर समजूत काढू.

आता तो केक आबांनी शनिवारी रात्री जेवणानंतर खायचा आणि रविवारी सकाळी निकाल लागायचा, असा माझा बेत होता. आणि नेमका मी आबांचा शनिवार विसरलो! आबा शनिवारी मारुतीचा उपास करतात. गेली कित्येक वर्षं करतात. माझ्या जन्माच्या आधीपासून करतात. केकचा वास घेऊन त्यांचे डोळे चमकले, पण उपास तो उपास. "सकाळी खातू," म्हणाले आणि ताट झाकून ठेवायला लावलं.

रविवारी सकाळी मी मंगलला सांगितलं की आबांना उठल्या उठल्या दोन मोठे तुकडे दे. आणि पाहुण्यांना गावात यायचा रस्ता कळेना म्हणून त्यांना आणायला हमरस्त्याच्या फाट्यावर गेलो. ही माझी दुसरी चूक. कारण आमच्याकडे, आणि तुमच्याकडेही, एक रीत आहे. घरात जो पदार्थ दिसायला बरा झाला तो घरच्यांनी खायचा नसतो, तो पाहुण्यांपुढे ठेवायचा असतो. चांगल्या कपबश्या कपाटात ठेवून आपण फुटक्या कपातून चहा पितो, तसंच हे. केक उलटा केला तर तो निघाला काळाभोर, तुकतुकीत. मंगलने वर डाळिंबाचे दाणे पसरले, आणि मग तो तिला आबांना द्यावासाच वाटेना.

बापूसाहेब, रोहन, त्याची आई आणि मामा यांना घेऊन मी आलो तेव्हा बैठकीच्या खोलीत पाच-सहा बश्यांत केक मांडलेला होता.

मी मंगलला डोळ्यांनी खुणावलं. तिने मला डोळ्यांनी विचारलं, काय झालं. आता पोरीच्या सासरच्या माणसांसमोर डोळ्यांनी 'जुलाब' कसं सांगतात हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो आणि दबक्या आवाजात बोंब मारली. ती म्हणाली, "आवं, फळांनी कुनाला काय हुतंय? एवढी मोट्टी मानसं आलीत, त्यास्नी काय नुसती बिस्किटं द्यायची व्हय? आबास्नी ठिवलाय की एक तुकडा." आणि बाहेर जाऊन तिने त्यावर कळस चढवला. रोहनच्या आईने कुणी केला म्हणून विचारलं, तेव्हा मंगल मान थोडी वाकडी करून म्हणाली, "आमच्या अश्विनीनं."

बैठकीसाठी साताऱ्याहून आलेल्या अश्विनीने चमकून आईकडे बघितलं. पण सासूसमोर खरं बोलायचं धाडस तिला झालं नाही. तिला साधा चहासुद्धा नीट जमत नाही.

खरं सांगायचं तर केक चवीला अप्रतिम झाला होता. याचं मला आजही वाईट वाटतं. बेचव झाला असता तर पाहुण्यांनी एक घास घेऊन बशी सारली असती. पण बापूसाहेबांनी पहिला तुकडा संपवला आणि मिशी पुसली. सांगली जिल्ह्यात मिशी पुसणाऱ्या पाहुण्याला पुन्हा वाढलं नाही तर यजमानाची नाचक्की होते. मंगलने वाढलं. ते नको नको म्हणाले, म्हणजे आणखी वाढायला पाहिजे असा त्याचा अर्थ होतो, म्हणून तिने आणखी वाढलं. मी "राहू दे, त्यांना जड होईल" म्हणालो, तर सगळ्यांनी माझ्याकडे कंजुष माणसाकडे बघावं तसं बघितलं. तेवढ्यात आबा परसातून आले. सकाळची मोहीम फसली होती हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. मांडलेल्या बश्यांतली एक त्यांच्यापुढे ठेवली. मला वाटलं, निदान हा तुकडा तरी योग्य ठिकाणी जाईल. आबांनी बशी उचलली आणि स्वतःच्या हाताने बापूसाहेबांच्या बशीत रिकामी केली. "फौजेत पावन्याला आदी वाढत्यात," म्हणाले. मी डोळे मिटले.

दुपारी पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी आणि दूध. पाहुणे जेवले म्हणजे हातचं काही राखलं नाही. मग बैठक बसली. बापूसाहेब तक्क्याला टेकून गंभीरपणे बोलू लागले. घराणं, शेती, पोरांचं हे नवीन वागणं. बोलता बोलता मध्येच थांबले. खोलीत कुठूनतरी ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज आला. सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं, कारण माणसाच्या पोटातून असा आवाज येईल असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं. बापूसाहेबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मग रोहनच्या मामांचा चेहरा बदलला. मग रोहनची आई पदर सावरत उठली आणि मंगलच्या कानाशी लागली.

आमचं घर मोठं आहे. खोल्या भरपूर आहेत. संडास मात्र एकच, आणि तोही परसात. घरात देव्हारा आहे म्हणून आत बांधायचा नाही, हा आबांचा हुकूम. मंगल रोहनच्या आईला घेऊन परसात गेली आणि तशीच परत आली. आबा आत होते! सकाळी जमलं नाही म्हणून त्यांनी दुपारी दुसरा हल्ला चढवला होता, रेडिओ आणि पेपर घेऊन. आतून बातम्या ऐकू येत होत्या.

मी दार वाजवलं. पाहुणे खोळंबलेत म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, "थांब म्हनावं. आत्ता कुटं जमत आलंय." आबांचं हे 'जमत आलंय' मी लहानपणापासून ऐकतोय. त्यानंतर कमीत कमी तासभर काही जमत नाही. मी हात जोडून दाराशी बोलत होतो आणि मागे वळून पाहिलं तर बापूसाहेब स्वतः उभे होते. एवढा गंभीर माणूस, फेटा सारखा करत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

आता एकच जागा उरली होती. भिंतीपलीकडे. संपतदादाने गेल्याच वर्षी फरशी लावून दोन नवे कोरे संडास बांधले होते, एक खाली, एक माडीवर. मी कुंपणाच्या फटीतून पाहुण्यांना घेऊन त्याच्या अंगणात शिरलो. तो बाजेवर बसून शेंगा फोडत होता. मी घाईघाईने काय हवंय ते सांगितलं. त्याने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाला, "बैठकीला बोलवलं न्हाईस. आन् आता ह्याला बोलवतूस व्हय?"

मी नुसती मान खाली घातली. पण भावकी म्हणजे भावकी, त्याने लगेच उठून बापूसाहेबांना खाली, रोहनच्या आईला माडीवर पाठवलं. मामांना समोरच्या घरी नेऊन सोडलं. रोहनही तोवर पोट धरून आला होता, त्याला रांगेत उभं केलं. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. अश्विनी ओट्यावर तोंडाला ओढणी लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती हे विचारायचा मला धीर झाला नाही.

बऱ्याच वेळाने सगळे संपतदादाच्या अंगणात परत जमले. वहिनीने ताक दिलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बापूसाहेबांचा चेहरा उतरला होता. रोहनची आई ताकाच्या पेल्यात बघत हळूच म्हणाली की पोरगी शिकलेली आहे, दिसायलाही चांगली आहे, पण जिच्या हातचं खाऊन पहिल्याच दिवशी ही गत झाली, तिला घरात घ्यायची म्हणजे... माझ्या पोटात खड्डा पडला. (मी केक खाल्ला नव्हता, तरीही.)

मी तोंड उघडणार एवढ्यात संपतदादा बोलला. बापूसाहेबांनी त्याला काहीही विचारलं नव्हतं. पण तो आयुष्यात विचारल्याशिवायच जास्त बोलला आहे.

"त्या पोरीला चा बी करता येत न्हाई नीट, केक कुटला?" तो म्हणाला. "ह्यो दिल्यानं केलाय. मी सोता बघितलाय ह्याला भट्टीवर."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मंगलने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग मी सगळं सांगून टाकलं. आबांचं पोट, साहेबांची खुर्ची, अंजीर, आलुबुखारे, इसबगोल, शनिवार. केक तुमच्यासाठी नव्हताच, आबांच्या मापाने केला होता. पोरीला यातलं काहीही माहीत नाही, तिला नावं ठेवू नका, काय बोलायचं ते मला बोला.

बापूसाहेबांनी संपतदादाला विचारलं, "मानूस कसा हाय ह्यो?"

संपतदादा शेंग फोडत म्हणाला, "बिनकामाचा हाय. पर बापासाठी अन् पोरीसाठी मरतोय."

"आन् पोरगी?"

"गुनाची हाय. लय."

बापूसाहेबांनी पेला खाली ठेवला. मिशी पुसली. मग बायकोकडे वळून म्हणाले, "मग झालं की. केक बापानं केलाय. बाप काय आपल्या घरी नांदायला येनार न्हाई."

पहिल्यांदा मामा हसले, मग रोहनची आई, आणि मग सगळी गल्ली. सुपारी आमच्या बैठकीत न फुटता संपतदादाच्या बाजेवर फुटली. बापूसाहेबांनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं, पण ही गोष्ट पाटणला कळता कामा नये. आणि लग्नात काहीही करा, आचाऱ्याच्या जवळपास मात्र जाऊ नका.

गाडी गेल्यावर आबा रेडिओ बंद करून बाहेर आले. पाहुणे कुठे गेले, ठरलं का, कुणीच कसं सांगितलं नाही, म्हणून आधी मलाच झापलं. जमलं नव्हतं, हे सांगायला नको. मी निमूटपणे मंगलने सकाळी झाकून ठेवलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. ज्या केकने पाटणहून आलेली अख्खी गाडी पळवली, त्याचा तुकडा. आबांनी तो चवीने खाल्ला, बशी पुसून खाल्ली. मी मुद्दाम परसातल्या वाटेवरचं सगळं सामान बाजूला करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आत गेले. मी, मंगल आणि अश्विनी परसदारी उभे होतो. कुंपणापलीकडे संपतदादाही शेंगा घेऊन उभा होता. बातम्या संपल्या, शेतीविषयक सल्ला संपला, गाणी लागली. शेवटी दार उघडलं. आबांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दिल्या, केक झ्याक केलातास," ते म्हणाले. "आता जरा दुकानात जा आन् एरंडेल आन."